दाब पंपात नसतो

लाल दिवा लागताच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करणारं गिऱ्हाईक मला वर्षातून एखादंच भेटतं. बाकीचे दिवा बघत बघत गॅरेजपर्यंत येतात आणि वर सांगतात, "मुक्ताईनगर सोडलं तेव्हाच लागला होता, म्हटलं वरणगावात तुमालेच दाखवू." मुक्ताईनगर ते वरणगाव म्हणजे पंधरा-वीस किलोमीटर. तेवढ्या वाटेत इंजिनाचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

त्या दिव्यावर किटलीचं चित्र असतं, चोचीला एक थेंब. ते बघून लोकांना वाटतं तेल कमी झालं असेल. मग लिटरभर तेल ओततात आणि निघतात. पण चेंबरमध्ये तेल किती आहे ते त्या दिव्याला ठाऊकच नसतं. त्याला कळतो तो दाब, आणि तोही फार उशिरा. ब्लॉकवरचा तो अंगठ्याएवढा स्विच बहुतेक गाड्यांत तीन ते सात पाउंडांच्या दरम्यान कुठंतरी जागा होतो. रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या इंजिनाला चाळीस-पन्नास पाउंड लागतात. चाळीसाचे वीस झाले, वीसाचे दहा झाले, तरी दिवा गप्प. तो पेटतो तेव्हा रडायची वेळ आलेली असते.

म्हणून माझ्या गॅरेजात खिळ्याला एक मीटर टांगलेलं आहे. भुसावळच्या जुन्या बाजारातून घेतलेलं, काच तडकलेली, मागे हातभर नळी. स्विच काढायचा, त्या जागी नळी आवळायची आणि काटा काय म्हणतो ते बघायचं. तीस-पस्तीस वर्षांत मी जे शिकलो ते सगळं या मीटरभोवती फिरतं, आणि ते एका वाक्यात मावतं: पंप दाब तयार करत नाही. हे वाक्य मी शिकाऊ असतानाच ऐकलं. ते पटायला सात-आठ वर्षं लागली, आणि तेवढ्यात एका माणसाचं इंजिन माझ्या हातून गेलं.

भुसावळला उस्तादांच्या हाताखाली मी कामाला लागलो तेव्हा मिसरूडही धड फुटलं नव्हतं. पत्र्याचं छप्पर, खाली तेलानं काळी झालेली माती. मे महिन्यात पाना उन्हात राहिला तर फडक्यात धरून उचलावा लागे. पहिलं वर्ष नुसतं डिझेलनं सामान धुण्यात गेलं. मग एक दिवस एक पेट्रोल जीप आली, जुन्या विलीज घराण्यातली महिंद्रा. त्या इंजिनाचा ऑइल पंप बाहेरच्या अंगाला, ब्लॉकच्या डाव्या कुशीत असतो. बोल्ट काढले की सरळ हातात येतो. उस्ताद जेवायला गेले होते. मी म्हटलं, हे तर सोपं आहे. काढला, धुतला, पुसून परत बसवला.

जीप चालू होईना. सेल्फ मारला की कार्बोरेटरमधून भडका. उस्ताद आले, त्यांनी काही विचारलं नाही, नुसतं पंपाच्या ओल्या बोल्टांकडे बघितलं. त्या इंजिनात पंप कॅमशाफ्टच्या तिरप्या दात्यांवर फिरतो आणि पंपाच्याच दांडीच्या खाचेत पलीकडून डिस्ट्रिब्युटरची जीभ बसते. खूण न करता पंप काढला आणि एक दाता इकडचा तिकडे झाला की ठिणगीची वेळ चुकली. मी पंप धुवायला गेलो आणि टायमिंग बिघडवून बसलो.

टायमिंग लागलं, जीप चालू झाली, पण मीटरचा काटा उठेना. उस्तादांनी झटकन चावी फिरवून इंजिन बंद केलं. "सुका बसवला?" मी मान डोलावली. धुतलेल्या पंपात तेलाचा थेंब नव्हता. पंपाचे दाते आणि भिंत यांच्यातल्या फटीला तेलानंच सील होतं. ते नसेल तर पंप नुसती हवा घुसळतो, खालून तेल ओढत नाही. त्यांनी पंप परत काढायला लावला, तेलानं गच्च भरायला लावला, कॉइलची वायर काढून ठेवली आणि सेल्फ मारत राहिले. सात-आठ आवर्तनांनी काटा हलला, मग चढला. तेव्हा म्हणाले, "पंप फक्त ढकलतो, बेटा. दाब तर तेल अडलं तेव्हा येतो. पुढे अडायला काही नसलं तर किती पण ढकल, काटा उठणार नाही."

मी "हो उस्ताद" म्हटलं. कळलं काहीच नव्हतं.

कळलं ते केळीच्या बागेत. आमची तीन एकर केळी. आबांनी पाटपाणी सोडून ठिबक घेतलं ते त्याच काळात. जळगावात जैन इरिगेशनचा कारखाना असल्यामुळे आमच्या भागात ठिबक इतर ठिकाणांपेक्षा लवकर रुजलं. विहिरीवर मोटर, तिच्या पुढे फिल्टर, फिल्टरच्या आधी एक आणि नंतर एक मीटर, आणि फिल्टरच्या अलीकडून एक फाटा परत विहिरीत सोडलेला. त्या फाट्यावर कॉक. त्याला बायपास म्हणायचं. नळ्यांना एक किलोच्या आसपास दाब पुरतो. मोटर त्याहून जास्त पाणी फेकते, मग नळ्या फाटू नयेत म्हणून जास्तीचं पाणी विहिरीत परत.

एका रात्री लाइट आली म्हणून आम्ही बापलेक बॅटरी घेऊन निघालो. मोटर चालू केली तर मीटर अर्ध्यावर. मी लगेच म्हटलं, "आबा, मोटर कमजोर झाली." आबांनी मोटरकडे बघितलंसुद्धा नाही. ते बॅटरी घेऊन ओळीतून चालत गेले. नवव्या की दहाव्या ओळीत खारीनं नळी कुरतडली होती, तीन ठिकाणी, आणि तिथून पाणी कारंज्यासारखं उडत होतं. त्यांनी नळी कापून जोड मारला. मीटर जागेवर आलं. मोटर तीच.

मी चिखलात उभा होतो आणि उस्तादांचं वाक्य आठवत होतं. इंजिनात तेच चाललेलं असतं. चेंबरमधली जाळी म्हणजे विहिरीतला फुटव्हॉल्व्ह. पंप, मग फिल्टर, मग ब्लॉकमधून जाणारी मोठी गॅलरी, तिथून मेन बेरिंग, क्रँकमधल्या भोकांतून बिग एन्ड बेरिंग, आणि सगळ्यात शेवटी वर हेडमधले रॉकर आणि टॅपेट. रॉकर म्हणजे पाटाच्या शेपटाचा शेतकरी. पाणी कमी पडलं की पहिली बोंब त्याची. म्हणून सकाळी गाडी चालू केल्यावर वरून टकटक ऐकू आली की मी आधी विचारतो ती किती सेकंद टिकते. प्रत्येक बेरिंगच्या फटीतून तेल ठिबकतच असतं, ठिबकायलाच हवं. त्या फटी मापात असतील तर मागे दाब उभा राहतो. खारीनं कुरतडल्या असतील तर पंप नवा घातला तरी काटा पडलेलाच.

एवढं कळल्यावर मी शहाणा व्हायला हवं होतं. पण आठच महिन्यांत मी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली.

तेव्हा मी वरणगावात स्वतःचं दुकान टाकलं होतं. हायवे तेव्हा सहा नंबरचा होता, आता त्याला त्रेपन्न म्हणतात. भुसावळ-मुक्ताईनगर फेऱ्या मारणारी एक डिझेल टॅक्सी माझ्याकडे यायची. मे महिन्यात मालक आला. गाडी सकाळी ठीक, पण दुपारी गरम झाली की मीटरचा काटा तळाला. त्याला दुसऱ्या दिवशी लग्नाची वऱ्हाडं होती. बेरिंग गेलेत हे मला आवाजावरूनच समजत होतं. पण इंजिन उतरवायचं म्हणजे चार दिवस आणि त्याच्या खिशाला न परवडणारे पैसे.

मला जीपवरची एक युक्ती ठाऊक होती. पंपातून निघालेलं तेल ठरलेल्या दाबापुढे गेलं की एक छोटा दट्ट्या स्प्रिंगला दाबून मागे सरकतो आणि जास्तीचं तेल परत चेंबरला सोडतो. हा रिलीफ व्हॉल्व्ह, आबांचा बायपास. जीपच्या इंजिनात त्या स्प्रिंगमागे पातळ वायसर घालून दाब लावायची सोय कंपनीनंच दिलेली होती. मी टॅक्सीच्या ब्लॉकवरचा व्हॉल्व्हचा नट खोलला आणि स्प्रिंगमागे दोन वायसर घातले. वर तेल बदलून २०डब्ल्यू-५० भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर काटा असा चढला की मालक खूश. दुपारी गरम झाल्यावरही जाड तेलामुळे काटा थोडा वर राहिला. त्याला वाटलं वायसरनं काम केलं. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

जानेवारी आला. आमच्याकडचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक आहे, थंडीबद्दल कोणी बोलत नाही. पण पहाटे तापीच्या बाजूनं वारं सुटलं की बोटं वाकत नाहीत. त्या पहाटे मालकानं गाडी चालू केली आणि सवयीप्रमाणे गरम व्हावी म्हणून ॲक्सिलरेटर दाबून धरला. गार, जाड तेल. पंप भरभरून ढकलतोय. आणि ज्या झडपेनं जास्तीचं सोडून द्यायचं ती माझ्या दोन वायसरांनी आवळून ठेवलेली. दाबानं वाट काढली ती फिल्टरच्या रबरी सीलमधून. सील एका बाजूनं बाहेर आलं. त्याला ते दिसलं नाही, तो निघाला. पाच-सहा लिटर तेल दोन-तीन मिनिटांत रस्त्यावर. गाडी ओढून आणली तेव्हा इंजिनातून कोणी आतून हातोडी मारल्यासारखा आवाज येत होता. एक बिग एन्ड बेरिंग क्रँकला चिकटून कनेक्टिंग रॉडमध्ये फिरलं होतं.

मी काय म्हणालो ते लिहायला आजही जड जातं. मी म्हणालो, "दादा, फिल्टर डुप्लिकेट लागला."

अर्धी मजुरी मी सोडून दिली. लोक म्हणाले, मिस्त्री मनाचा मोठा. क्रँक भुसावळला ग्राइंडिंगला पाठवली, व्हॉल्व्हचं काम लेथवाल्यानंच बघितलं आणि माझे वायसर कुठं गेले ते मी विचारलं नाही. त्यानंतर तो मालक माझ्याकडे यायचा बंद झाला.

या प्रकरणाचा उलगडा मला करून दिला तो एका वेगळ्याच माणसानं. वरणगावची आयुध निर्माणी म्हणजे गावाचं घड्याळ. शिफ्ट सुटली की हायवेवर सायकली आणि स्कूटरी. तिथल्या टूलरूममधले एक काका त्यांची जुनी फियाट माझ्याकडे आणायचे. काडतुसं बनवणाऱ्या कारखान्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे 'अंदाजे' हा शब्द त्यांना चालत नसे. एकदा मी पंपाचं झाकण नखानं चाचपून "चालेल" म्हणालो. ते म्हणाले, "तुझ्या नखाला किती थाऊ दिसतात?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फिलर गेज आणून दिला आणि पंपावर कसा लावायचा ते बाकावर बसून शिकवलं. पंपाच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवायची आणि पट्टी व दाते यांच्यामधून पान सरकवून बघायचं. चार थाऊचं, म्हणजे ०.१ मिलिमीटरचं पान सैल गेलं की पंप संशयात घ्यायचा. झाकणावर दात्यांनी गोल चर पाडलेले असतील तर काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवायचा, थोडं तेल टाकायचं आणि झाकण आठाच्या आकड्यात घासायचं, चर जाईपर्यंत. अशी कितीतरी झाकणं मी पुढे घासली. नवा पंप न घेता जुन्याला दाब आला की गिऱ्हाइकाला जादू वाटते. ती फक्त चार थाऊंची गोष्ट असते.

एकदा त्यांच्यापुढे मी टॅक्सीची हकिगत सांगितली, फिल्टरच्या गोष्टीसकट. त्यांनी पेन्सिल घेतली. "गरम इंजिन, आयडलिंगला. दाब किती?" म्हटलं, आठ-दहा पाउंड. "झडप किती पाउंडांना उघडते?" म्हटलं, पन्नासला. "मग दहा पाउंडांना झडप उघडी की बंद?" बंद. "बंद दाराला तू बाहेरून कडी लावलीस."

एवढं सरळ होतं ते. दुपारी काटा पडायचा तेव्हा झडप मिटलेलीच असायची. तिथं वायसरचा काहीएक उपयोग नव्हता. ज्या वेळी झडप खरंच लागते, पहाटेच्या गार तेलात, तेवढ्याच वेळी मी ती अडवली होती. मग त्यांनी बेरिंगचं गणित सांगितलं. नव्या बेरिंगमध्ये साधारण दोन थाऊची फट. झिजून चार झाली तर आपण म्हणतो, दोनच तर थाऊ वाढले. पण फटीतून निसटणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. फट दुप्पट, गळती आठपट. त्यात तेल गरम झालं की पातळ होतं. शंभर अंशांना ते चाळीस अंशांच्या मानानं आठ-नऊपट पातळ असतं. मे महिन्यातल्या दुपारी त्या टॅक्सीचा काटा तळाला का जायचा ते त्या एका कागदावर आलं. त्यात पंपाचा काही दोष नव्हता. नळी कुरतडलेली होती आणि मी ओळीतून चाललो नव्हतो.

काका उठताना एवढंच म्हणाले, "फिल्टर डुप्लिकेट नव्हता ना?" मी काही बोललो नाही.

त्यानंतर मी पंपांचा अभ्यासच लावून घेतला. जुन्या गाड्यांत बहुतेक पंप चेंबरमध्ये तेलात बुडालेला, दोन दातेरी चाकांचा, कॅमशाफ्टवरून चालणारा. पोरांना वाटतं तेल दोन चाकांच्या मधून पुढे जातं. उलट आहे. तेल दात्यांच्या खाचांत बसून बाहेरच्या भिंतीनं वळसा घेतं. मधले एकमेकांत अडकलेले दाते परतीची वाट बंद करतात, बस. हा पंप दणकट. तेलात बुडालेला म्हणून उपाशी राहत नाही, आणि कॅमशाफ्टवर असल्यामुळे क्रँकच्या निम्म्या गतीनं फिरतो.

दुसरी जात रोटरची. आत चार पाकळ्यांचं फूल, बाहेर पाच खोबण्यांचं कडं, दोघांचे मध्य वेगळे. फिरताना मधली पोकळी वाढते आणि मिटते, वाढताना तेल ओढते, मिटताना ढकलते. तिसऱ्या जातीत आतलं आणि बाहेरचं दातेरी चाक यांच्यामध्ये एक चंद्रकोर बसवलेली असते. मी पहिल्यांदा तो पंप खोलला तेव्हा हातात घेऊन बराच वेळ बघत बसलो होतो. पेशव्यांच्या चित्रातल्या बायकांच्या कपाळावर असते तशी ती लोखंडी कोर, आणि तिचं काम एकच: गेलेलं तेल मागे येऊ द्यायचं नाही.

मारुतीसारख्या छोट्या गाड्या रस्त्यावर वाढल्या तसा पंप चेंबरमधून उठून क्रँकच्या नाकावर येऊन बसला. मधली दांडी गेली, दाते गेले, इंजिन आटोपशीर झालं. पण पंप आता क्रँकच्याच गतीनं फिरणार आणि तेलाच्या पातळीच्या वर बसून नळीनं तेल ओढणार. म्हणजे दुखणी बदलली. पूर्वी पंप झिजायचा. आता ओढण्याच्या वाटेत खोट निघू लागली.

अशी एक गाडी मी विसरत नाही. दगड लागून चेंबर आत दबलं होतं. तेल गळत नव्हतं म्हणून मालकानं तशीच चालवली. गावात ठीक, हायवेवर वेग घेतला की दिवा. चेंबर उतरवलं तर आत दबलेला पत्रा जाळीला टेकला होता. हळू चालताना कसंबसं तेल मिळायचं, वेगात पंपाला जेवढं हवं तेवढं येत नव्हतं. दुसऱ्या एका गाडीत जाळीवर पांढरट साय जमली होती. आधीच्या कोणीतरी चेंबर चिकटवताना सिलिकॉन बोटभर जाड लावलं होतं. बाहेर निघालं तेवढं दिसतं, आत निघालेलं तुटून जाळीवर जातं. आणि एका गाडीत तर मी एकदा सोडून दोनदा पंप बदलला. सकाळी दिवा पाच-सहा सेकंद रेंगाळायचा. दोन्ही पंप नवे, दोन्ही वेळा तेच. शेवटी ओढनळीच्या जोडातली रबरी रिंग काढून बघितली. कडक होऊन चपटी झाली होती आणि तिथून पंप तेलाऐवजी हवा ओढत होता. दोन पंपांचे पैसे माझ्या खिशातून गेले. रिंग चहाच्या भावात आली.

तेव्हापासून मी एक नियम केला. दाब कमी म्हटलं की पंप शेवटी. आधी पट्टी काढून तेल बघायचं, त्याला डिझेल-पेट्रोलचा वास येतो का ते हुंगायचं. मग स्विच काढून मीटर लावायचं, कारण निम्म्या वेळा स्विचच खोटं बोलतो. मग तीन आकडे लिहायचे: गार असताना, गरम आयडलिंगला, आणि गरम असताना दोन हजार फेऱ्यांना. गारही कमी आणि गरमही कमी असेल तर जाळी, ओढनळी, पंप किंवा कचऱ्यानं उघडी अडकलेली झडप. गार भरपूर आणि गरम होताच पडत असेल तर बहुतेक बेरिंग. गार असताना काटा वेड्यासारखा चढत असेल तर झडप मिटून बसलेली, आणि तिथं कोणी वायसर घातलेत का ते मी आवर्जून बघतो. दोनदा सापडलेत. मी काढून ठेवले, कोणी घातले ते विचारलं नाही.

हजार फेऱ्यांना दहा पाउंड, असा उस्तादांचा ठोकताळा होता आणि मी तो तीस वर्षं वापरला. तोही परवा मोडला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि पुढे आली पंपाची चौथी जात. या पंपात फिरत्या पात्यांभोवती एक सरकतं कडं असतं. कडं एका अंगाला असेल तर पंप भरपूर तेल काढतो, मध्याकडे आलं की कमी. तेलाचाच दाब कड्याला ढकलतो, समोरून स्प्रिंग रोखते, आणि वरून कॉम्प्युटर एका सोलेनॉइडनं ठरवतो की आत्ता कमी दाब पुरे की जास्त हवा. जुना पंप सगळं उपसून जास्तीचं परत सांडायचा. त्यात इंजिनाची ताकद, म्हणजे शेवटी पेट्रोल वाया जायचं. हा लागेल तेवढंच उपसतो. आबांच्या भाषेत, बायपास उघडण्याऐवजी मोटरच हळू केली.

अशी एक गाडी आली. मी मीटर लावलं. दोन हजार फेऱ्यांना काटा माझ्या हिशेबापेक्षा बराच खाली. मी मालकाला सांगूनही टाकलं, "उतरवावं लागेल." माझ्याकडे काम शिकणारा आयटीआयचा पोरगा हळूच म्हणाला, "काका, सोलेनॉइडची पिन काढून बघू?" पिन काढली आणि काटा सरळ वर गेला. कॉम्प्युटरचा हात सुटला की असा पंप सहसा पूर्ण दाबावर जातो. म्हणजे पंप चांगला, बेरिंग चांगले. गाडी मुद्दाम कमी दाबावर चालत होती आणि मला ते दुखणं वाटलं होतं. अशा इंजिनात पातळ ०डब्ल्यू-२० तेल लागतं. माझा हात अजूनही सवयीनं जाड तेलाच्या डब्याकडे जातो. पोरगा आता डबा वाचल्याशिवाय मला झाकण उघडू देत नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारी एक म्हातारा माणूस मुलाची गाडी घेऊन आला. केस पांढरे, पण चाल ओळखीची. तोच टॅक्सीवाला. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, खुर्ची दिली. मुलाच्या गाडीचा दिवा लागत होता. मी बॉनेट उघडलं, पण हात चालेना. म्हटलं, "दादा, तुमच्या टॅक्सीचा फिल्टर डुप्लिकेट नव्हता. झडपेत मी वायसर घातले होते."

त्यानं पाणी संपवलं. तांब्या खाली ठेवला. "मले माहीत व्हतं. लेथवाल्यानं तेच दिवशी हातावर ठेवले ते दोन वायसर."

"मग बोलला का नाही?"

"काय बोलू? लग्नाच्या वऱ्हाडासाठी म्याच मागं लागलो व्हतो. अन् तू अर्धी मजुरी सोडली, तवाच समजलं का तुले बी समजलंय." मग गाडीकडे बोट दाखवून म्हणाला, "आता याचं पाह्य. इंजिन खोलाचं असलं तं खोल. चार दिवस लागले तरी चालतीन."

मी खिळ्यावरचं मीटर काढलं, स्विचच्या जागी नळी आवळली आणि मीटर त्याच्या हातात दिलं. मुलाला म्हटलं, चालू कर. तडकलेल्या काचेमागे काटा उठला, चढला, स्थिरावला. चार किलोला थोडा कमी. दिवा तिकडे डॅशबोर्डवर पेटलेलाच होता.

"काय सांगतो हा?" त्यानं विचारलं.

"इंजिन ठीक आहे, दादा. स्विच खोटं बोलतोय."

तो हसला. काही बोलला नाही. गाडी पुरती गरम होईपर्यंत आम्ही दोघं मीटरकडे बघत उभे होतो.